विमानात जागा धरायची कशी? तिकीट काढल्यापासून पट्टा लावेपर्यंत

एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल, पिशवी, वेळप्रसंगी धाकटा भाऊ आत टाकून जागा धरणाऱ्यांपैकी मी एक. विमानाची खिडकी उघडत नाही, त्यामुळे हे कसब तिथे कामाला येत नाही. पण जागेसाठीची झटापट तिथेही आहे, ती फक्त दिसत नाही. ती चार वेळा होते: तिकीट काढताना, प्रवासाच्या दोन दिवस आधी, विमानतळावरच्या काउंटरवर आणि शेवटी विमानाच्या आत. बहुतेक जण चौथ्या वेळी जागे होतात. तोवर ३१ बी, म्हणजे मागच्या टोकाला दोन अनोळखी खांद्यांमधली सीट, नशिबी आलेली असते.

आपल्याकडे विमानातही कधीकाळी नंबर नव्हते. २००३ साली सुरू झालेल्या एअर डेक्कनमध्ये ‘या, बसा’ असाच मामला होता. दार उघडलं की लोक शिडीकडे धावायचे. अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीने ही पद्धत पन्नासेक वर्षं चालवली आणि २७ जानेवारी २०२६ पासून तिनेही नंबर देऊन टाकले. कारण उघड आहे. नंबर असला की तो विकता येतो.

आणि विकला जातोच. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोने वेब चेक-इन, म्हणजे विमानतळावर जाण्याआधीच ऑनलाइन हजेरी, करताना सगळ्याच सीटना पैसे पडतील असं जाहीर केलं, तेव्हा बराच गदारोळ झाला आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने हे नियमात बसतं का ते तपासू असं सांगितलं. आवडीची सीट निवडण्याचे वेगळे पैसे घ्यायला डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, परवानगी आहे. अट एवढीच की ती सेवा प्रवाशाने स्वतःहून निवडलेली हवी. तेव्हा सीटसाठी पैसे मोजणं सक्तीचं नाही. कधी मोजायचे आणि कधी नाही, एवढं कळलं की झालं. त्याची सुरुवात सीटपासून नाही, विमानापासून होते.

पहिलं काम: विमान कोणतं ते बघा

तिकीट काढताना वेळ आणि भाडं आपण बघतो. त्याच पानावर बारीक अक्षरात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. चांगली सीट कोणती हे ठरतं मात्र त्यावरूनच.

देशातल्या मोठ्या मार्गांवर बहुतेक वेळा एअरबस ए३२० किंवा ए३२१ असतं, नाहीतर बोइंग ७३७. अकासाकडे सगळी ७३७ आहेत. दोन्हीकडे रांग तीन-तीनची. ए आणि एफ खिडक्या, सी आणि डी आइल, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेलगतच्या, बी आणि ई बिचाऱ्या मधल्या. एअरबसची केबिन थोडी रुंद असल्यामुळे सीटही इंचभर रुंद मिळते. मधल्या सीटवर बसलेल्या माणसाला हा इंच चांगलाच जाणवतो.

कोल्हापूर, जळगाव, सिंधुदुर्ग अशा ठिकाणांहून उडायचं असेल तर गणित वेगळं. तिथे बऱ्याचदा पंख्याचं एटीआर ७२ येतं. इंडिगो आणि अलायन्स एअरकडे ते आहे, गोव्यातल्या मोपाहून उडणाऱ्या फ्लाय९१ कडेही तेच. रांग दोन-दोनची, मधली सीट नाहीच. पंख डोक्यावर असल्यामुळे खाली बघायला जवळपास प्रत्येक खिडकी चांगली. आणि खरी गंमत म्हणजे प्रवाशांचं दार मागे असतं. पुढे सामान ठेवतात. लवकर उतरायचं म्हणून सवयीने पुढच्या रांगेचे पैसे भरणारा माणूस एटीआरमध्ये सगळ्यात शेवटी उतरतो. शिवाय पुढच्या भागातच पंखे फिरत असल्याने कानही तिथेच बसतात. एटीआरमध्ये मागे बसा. स्टार एअरचं एम्ब्रेअर १७५ मिळालं तर तेही दोन-दोनचं. त्यांच्याच छोट्या एम्ब्रेअर १४५ मध्ये एका बाजूला एकच सीट असते, खिडकीही तीच आणि आइलही तीच. एकट्या माणसासाठी याहून झकास जागा देशात दुसरी नाही.

लांबच्या प्रवासाला बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० असेल तर साधारण तीन-तीन-तीन, ७७७ असेल तर बहुतेक तीन-चार-तीन, आणि ए३३० असेल तर दोन-चार-दोन. नवरा-बायको दोघंच जाणार असतील आणि भाड्यात फार फरक नसेल, तर ए३३० च्या कडेच्या दोन सीटसाठी मी विमानाची वेळ बदलायलाही तयार असतो.

दुसरं काम: नकाशा नीट वाचा

कंपनीच्या साइटवरचा सीटचा नकाशा हे दुकानाचं शोकेस असतं. महाग सीट ठळक रंगात असतात. त्यांची उणी बाजू तिथे लिहिलेली नसते.

ती मी पैसे देऊन शिकलो. एका कंपनीच्या ७३७ मध्ये मुंबई–दिल्लीसाठी साडेतीनशे रुपये जास्तीचे भरून मी डावीकडची खिडकी घेतली. जाऊन बसलो तर शेजारी नुसती भिंत. क्रीम रंगाचं सपाट प्लास्टिक. पुढच्याची खिडकी त्याच्या खांद्याशी, मागच्याची माझ्या डोक्यामागे. पलीकडच्या रांगेतल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीने थोडा वेळ निरीक्षण केलं आणि विचारलं, “काका, तुमची खिडकी बंद केली का?” आईने तिला गप्प केलं. मी दिल्लीपर्यंत प्लास्टिक बघितलं.

हा त्या एका विमानाचा दोष नव्हता. ७३७ मध्ये वातानुकूलनाची हवा खालून वर नेणारी नळी पंखांच्या थोडं पुढे भिंतीतून जाते, तिथे खिडकी बसतच नाही. बहुधा दहाव्या-बाराव्या रांगेच्या आसपास. नेमका आकडा कंपनीगणिक बदलतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत याच कारणावरून डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांवर प्रवाशांनी खटले गुदरले: खिडकीचे पैसे घेतले आणि खिडकी दिली नाही. बातमी वाचून मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

म्हणून शोकेसवर विसंबू नका. एरोलोपा नावाची साइट कंपनीवार, विमानवार नकाशे देते आणि त्यात खिडक्या खऱ्या जागी काढलेल्या असतात. सीटची रांग आणि खिडकी कुठे जुळत नाही ते चटकन कळतं. सीटगुरू हे नाव बरेच जण अजून सांगतात, पण त्यातली माहिती केव्हाच शिळी झाली.

नकाशात आणखी काय बघायचं? शेवटची रांग: पाठ बहुधा मागे जात नाही आणि शौचालयाची रांग तुमच्या खांद्याशी उभी असते. आपत्कालीन दरवाजाच्या लगेच पुढची रांग: तिचीही पाठ जात नाही, कारण दरवाजाची वाट अडायला नको. ए३२० मध्ये पंखांवर प्रत्येक बाजूला दोन दरवाजे आणि अशा दोन रांगा असतील, तर पुढच्या रांगेत पाय सुटतात पण पाठ ताठ. मागच्या रांगेत पाय आणि पाठ दोन्ही सुटतात. दर बहुतेक वेळा दोन्हींचा सारखाच असतो. आता यातली कुठली घ्यायची हे सांगायला नको.

पंखांजवळ विमान कमी हलतं, शेपटीकडे जास्त. पोटात ढवळणाऱ्यांनी मध्यभाग धरावा. झोप सावध असेल तर पुढे बसावं, आवाज कमी असतो.

नकाशात राखाडी दिसणारी प्रत्येक सीट गेलेली असते असंही नाही. काही जागा कंपनीने कुटुंबांसाठी, व्हीलचेअरच्या प्रवाशांसाठी किंवा नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी झाकून ठेवलेल्या असतात. शेवटच्या एक-दोन दिवसांत त्यातल्या बऱ्याच मोकळ्या होतात.

ऊन कुठल्या बाजूला, डोंगर कुठल्या बाजूला

खिडकी घ्यायचीच तर बाजू ठरवून घ्या. नाकाच्या दिशेने तोंड करून बसलं की ए डाव्या हाताला आणि एफ उजव्या. मुंबई–दिल्ली म्हणजे साधारण उत्तरेला. सकाळी ऊन पूर्वेकडून, म्हणजे उजवीकडून, एफ वर. संध्याकाळी परतताना तोंड दक्षिणेला आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजवीकडे. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याने दोन्ही वेळा ए घ्यावी आणि सुखाने डुलकी काढावी.

दिल्लीहून बागडोग्र्याला जाताना हिमालय डावीकडे राहतो, हवा स्वच्छ असली तर ए वरून कांचनजंगा दिसते. येताना एफ घ्यायची. मुंबईत विमान पूर्वेकडून उतरत असेल, जे बहुतेकदा होतं, तर डाव्या खिडकीतून ठाण्याची खाडी आणि ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो.

पुणेकरांसाठी आणि गोव्यातल्या दाबोळीहून उडणाऱ्यांसाठी एक सूचना. लोहगाव हवाई दलाचं आणि दाबोळी नौदलाचं आहे. तिथे जमिनीवरून किंवा उडता-उतरताना फोटो काढायला मनाई असते. मे २०२५ मध्ये तर अशा विमानतळांवर दहा हजार फुटांपर्यंत खिडक्यांच्या झडपाच बंद ठेवण्याचा आदेश निघाला होता. कर्मचारी झडप खाली करायला सांगत असतील तर ‘मी खिडकीचे पैसे भरलेत’ हा मुद्दा तिथे काढू नये.

तिसरं काम: पैसे भरायचे का ते ठरवा

माझा हिशेब साधा आहे. एकटा, दोन तासांच्या आतला प्रवास, दिवसाउजेडी: एक पैसा भरत नाही. मधली सीट मिळाली तरी दीड तासाने सुटका आहे. रात्रीचं लांबचं विमान, सोबत म्हातारी माणसं किंवा पुढचं विमान पकडायला कमी वेळ: तिकीट काढतानाच भरतो. उंच माणसाने, म्हणजे सहा फुटांच्या वर, लांबच्या प्रवासात लेगरूमचे पैसे वाचवू नयेत. आपल्या स्वस्त कंपन्यांत दोन रांगांमधलं अंतर साधारण २८ ते ३० इंच असतं. गुडघे दुमडून बसायची सवय असलेल्यालाही तीन तासांनंतर ते टोचतं.

भरण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, भाड्याची वरची पायरी. बहुतेक कंपन्या आता एकाच विमानाला तीन-चार प्रकारची भाडी लावतात. सगळ्यात खालच्या भाड्यात सीट नसते, एक पायरी वर सीट, जास्तीचं सामान आणि तारीख बदलण्याची थोडी सवलत असते. कधीकधी खालचं भाडं अधिक सीट अधिक सामान यापेक्षा वरची पायरी स्वस्त पडते. दोन, टोपलीत न मागता काही टाकलंय का. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध, म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या साइटच्या मांडणीविरुद्ध, काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत गिऱ्हाइकाच्या नकळत बिलात वस्तू घालणं अनुचित ठरवलं आहे. तरी पैसे भरण्याआधी एकेक ओळ वाचावी. सीट न निवडता पुढे जाण्याचं बटण सहसा फिकट रंगात कोपऱ्यात असतं; शोधलं की सापडतं.

प्रवासाच्या पोर्टलवरून तिकीट काढलं असेल तर सीट तिथे विकत घेऊ नका. पीएनआर घेऊन थेट विमान कंपनीच्या साइटवर जा आणि तिथे निवडा. पोर्टलवर भरलेले पैसे आणि कंपनीकडे पोचलेली सीट यांची चुकामूक झाली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. परदेशी प्रवासात तिकीट एका कंपनीचं आणि उडवणार दुसरी असंही होतं. तेव्हा उडवणाऱ्या कंपनीचा पीएनआर वेगळा असतो. तो मागून घ्या, सीट त्यावरच मिळते.

दोघांनी तीनच्या रांगेत ए आणि सी घ्यायची, बी मोकळी सोडायची ही जुनी युक्ती अजून चालते. मधली एकटी सीट कुणी हौसेने घेत नाही, म्हणून ती शेवटपर्यंत रिकामी राहायची शक्यता जास्त. विमान गच्च भरलं आणि कुणी आलंच, तर त्याला खिडकी किंवा आइल देऊ करा, तो नाही म्हणणार नाही. मात्र त्याला मध्ये बसवून त्याच्या डोक्यावरून डब्यातल्या थालीपिठाची देवाणघेवाण करू नये. मी त्या मधल्या माणसाच्या जागी बसलेलो आहे.

चौथं काम: ४८ तासांचा गजर

देशांतर्गत प्रवासाचं वेब चेक-इन बहुतेक भारतीय कंपन्या ४८ तास आधी उघडतात. परदेशी प्रवासाला कुठे ४८ तास, कुठे २४. रविवारी सकाळी ६:१० चं विमान असेल तर शुक्रवारी सकाळी ६:१० चा गजर लावा. दहा वाजता निवांत चहा घेऊन बसलात तर फुकटातल्या बऱ्या सीट गेलेल्या असतील. त्या असतात थोड्या, बहुधा मागच्या अर्ध्यात.

उघडल्यावर घाईने पहिली सीट पक्की करू नका. नकाशा पूर्ण खालपर्यंत सरकवा. मागून चौथी-पाचवी रांग, आइल, शून्य रुपये, असं काहीतरी दिसतं. ते वाईट नसतं. विशेषतः जिथे शिडी लावून बसने नेतात तिथे मागचं दारही उघडतात, आणि मागच्या रांगा पुढच्यांपेक्षा आधी खाली येतात. बस मात्र भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा या विजयाचा फार अभिमान नको.

काहीच निवडलं नाही तर संगणक आपणहून सीट देतो, आणि त्याला मधल्या सीटचं भारी प्रेम. आवडली नाही तरी खचून जाऊ नका. बोर्डिंग पास निघाल्यावरही काउंटरवर सीट बदलता येते, आणि शेवटच्या काही तासांत रद्द झालेल्या तिकिटांच्या सीट मोकळ्या होतात.

पाचवं काम: काउंटर

इथे आवाज चढवून काही मिळत नाही, लवकर पोचून मिळतं. रांगेत पुढे असताना, शांतपणे, नेमकं कारण सांगून विचारा. “मॅडम, सोबत वडील आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्या बाजूची आइल मिळाली तर पाय लांब करता येईल.” डावी की उजवी हेही सांगितलं म्हणजे समोरच्याला शोधायला सोपं जातं. नुसतं “चांगली सीट द्या” म्हटलं तर ती माउली तरी काय देणार? तिच्या लेखी सगळ्याच सीट चांगल्या.

काउंटरवर काही मिळालं नाही तर गेटवर पुन्हा एकदा विचारा. वेळेत न आलेल्यांच्या सीट तिथेच कळतात.

मुलं आणि म्हातारी माणसं

मुलांसोबत जाणाऱ्यांना घाबरवून पैसे काढून घेण्याचा प्रकार कमी व्हावा म्हणून डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं: १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई, वडील किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारची सीट द्यायची. यातले दोन शब्द महत्त्वाचे. ‘त्याच पीएनआरवर’, म्हणजे आईचं तिकीट ऑफिसमधून आणि लेकराचं बाबांच्या कार्डवरून वेगळं काढलं तर हा आधार डळमळतो. आणि ‘किमान एका’, म्हणजे चौघंही शेजारी-शेजारी बसतील असं वचन यात नाही.

तान्ह्या बाळासाठी पाळणा हवा असेल तर तो केबिनच्या आडव्या भिंतीसमोरच लागतो आणि अशा जागा मोजक्या असतात. तिकीट काढल्याबरोबर कंपनीला फोन करून सांगा. या रांगेत समोर सीट नसल्यामुळे पायाशी पिशवी ठेवता येत नाही, उडताना-उतरताना सगळं वर जातं. दुधाची बाटली आणि एक लंगोट खिशात ठेवा. मांडीवरचं बाळ असलेली दोन कुटुंबं एकाच तीनच्या रांगेत का बसवत नाहीत, असं बरेच जण विचारतात. वरून पडणारे ऑक्सिजनचे मास्क रांगेत साधारण सीटपेक्षा एकच जास्त असतात, म्हणून.

आता आपल्या घराघरातला प्रसंग: आई-बाबा पहिल्यांदा मुलाकडे अमेरिकेला निघालेत. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट गेलं तरी सोळाएक तास. मुलगा प्रेमाने दोघांना खिडकी आणि तिच्या शेजारची सीट घेऊन देतो. आई खिडकीतून पाऊण तास ढग बघते, मग अंधार. त्यानंतर दर वेळी उठायचं तर आइलवरच्या झोपलेल्या परक्या माणसाला हलवायचं. संकोचापोटी ती पाणीच पीत नाही, पाय सुजतात.

त्यापेक्षा मधल्या गठ्ठ्यात डी आणि ई घ्या. बाबा आइलवर, आई शेजारी. आईला उठायचं तर बाबांनाच उठवायचं. चारच्या गठ्ठ्यातल्या पलीकडच्या दोघांना त्यांचा आइल वेगळा असतो, त्यामुळे त्यांना ओलांडून कुणी जात नाही. बी आणि सी घेतली असती तर खिडकीवाला सारखा दोघांना उठवत राहिला असता. तीन-तीन-तीनच्या विमानातही मधल्या गठ्ठ्याचा हाच फायदा. अक्षरं कंपनीप्रमाणे थोडी पुढेमागे होतात, नकाशा बघून घ्या.

व्हीलचेअर हवी असेल तर तीही तिकीट काढतानाच किंवा किमान ४८ तास आधी नोंदवा. आणि त्यांच्या हातातल्या कागदावर सीट नंबर देवनागरीत ठळक लिहून द्या: ‘३४ डी, बाबा’, ‘३४ ई, आई’. माझ्या मावशीने तो कागद पासपोर्टमध्ये घालून तीन फेऱ्या केल्या.

आपत्कालीन दरवाजा आणि ११ ए

पाय मोकळे मिळतात म्हणून दरवाजाजवळची रांग सगळ्यांना हवी असते. ती जागा प्रसंग आला तर काम करायची आहे. बहुतेक कंपन्या १५ वर्षांखालील मुलं, गर्भवती, मांडीवर बाळ असलेले, जास्तीचा पट्टा लागणारे आणि मदतीशिवाय चालू न शकणारे प्रवासी तिथे बसवत नाहीत. पैसे भरले असले तरी उठवतात. कर्मचारी येऊन दरवाजा कसा आणि कधी उघडायचा ते सांगतात. त्या वेळी कानातले हेडफोन काढावेत. डिसेंबर २०२२ मध्ये चेन्नईहून तिरुचिरापल्लीला निघालेल्या विमानात एका प्रवाशाच्या हातून जमिनीवरच हा दरवाजा उघडला गेला. पुन्हा सगळी तपासणी झाली आणि मगच विमान निघालं.

१२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचं बोइंग ७८७ कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, तो ११ ए वर बसलेला होता. त्यानंतर लोक ११ ए मागू लागले. मागे भीती आहे आणि ती समजण्यासारखी आहे, पण नंबरात काही नाही. त्या विमानात ११ ए दरवाजापाशी होती. ए३२० मध्ये तोच नंबर पंखांजवळ येतो, आणि काही ७३७ मध्ये तर मी सांगितलेल्या त्या बिनखिडकीच्या भिंतीशी. सुरक्षेसाठी काही करायचंच तर बसल्यावर आपल्यापासून सगळ्यात जवळचं दार किती रांगा पुढे किंवा मागे आहे ते मोजून ठेवा. धुरात डोळे चालत नाहीत, हात चालतात.

आत गेल्यावर: अदलाबदल

“दादा, जरा तिकडे बसता का? आम्ही फॅमिली आहोत.” हा प्रश्न येणारच. मी एक नियम पाळतो: बदल्यात मिळणारी सीट माझ्यासारखी किंवा माझ्याहून बरी असेल तर लगेच उठतो. आइलच्या बदल्यात मधली असेल तर हसून नाही म्हणतो. लहान मूल आईपासून लांब पडलं असेल तर मात्र काहीही असो, उठतो. तुम्हाला स्वतःला विनंती करायची असेल तर आपल्याकडची चांगली सीट पुढे करा. मधली सीट हातात धरून दुसऱ्याची खिडकी मागू नका. आणि परस्पर बसून टाकून मालक आल्यावर ‘अहो बसा की कुठेही’ म्हणणं हे एसटीत खपत होतं, इथे नाही.

वेगळं जेवण सांगितलं असेल, जैन किंवा मधुमेहींचं, तर सीट बदलल्यावर कर्मचाऱ्यांना सांगा. ते ताट सीट नंबरावर येतं. रिकामी रांग दिसली तर दार बंद झाल्याची घोषणा होईपर्यंत थांबा, मग विचारून सरका. जास्त पैशांच्या रांगेत न विचारता सरकलात तर परत पाठवतील.

घेतलेली सीट गेली तर

विमान बदललं की नकाशा बदलतो आणि पैसे भरून घेतलेली सीट भलतीकडेच जाते. म्हणून पैसे भरल्यावर पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि निघण्याच्या आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी बुकिंग उघडून नंबर तपासा. कंपनीने खालच्या दर्जाची सीट दिली तर सीटचे पैसे परत मागा. तुम्हीच तिकीट रद्द केलंत तर ते सहसा बुडतात.

मोठा फटका म्हणजे बिझनेसचं तिकीट काढलं आणि इकॉनॉमीत बसवलं. यासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे. देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतराप्रमाणे: १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३,५०० पर्यंत ५० टक्के, त्यापुढे ७५ टक्के.

आणि सीटच नाही म्हणाले तर? जागेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली असतील तर कंपनीने आधी स्वेच्छेने थांबणारे शोधायचे असतात. कुणी तयार झालं नाही आणि तुम्हाला उतरवलं, तर मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिल्यास भरपाई नाही. २४ तासांच्या आतलं दिलं तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराचं असेल तर चौपट, कमाल २०,००० रुपये. काउंटरवर सहसा हे आकडे कुणी आपणहून सांगत नाही; तुम्ही सांगितले की बोलण्याचा सूर बदलतो. दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर पीएनआर आणि स्क्रीनशॉट जोडून तक्रार करता येते.

स्वेच्छेने थांबायला तयार असाल, घाई नसेल, तर तो सौदा चांगलाही असतो. फक्त हो म्हणण्याआधी रोख, कूपन आणि जेवण काय ते लेखी घ्या, आणि पुढच्या विमानातला सीट नंबर तिथल्या तिथे छापून मागा. एवढं सगळं पदरात पाडून संध्याकाळच्या विमानात ३१ बी वर जाऊन बसलेला एक गृहस्थ मला चांगला माहीत आहे. खिडकीऐवजी प्लास्टिक बघत दिल्लीला गेला होता, तोच.